“आई, तुला काही होणार नाही ना?”

प्रश्न : माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. सहा महिन्यांपासून रोज रात्री विचारतो, “आई, तुला काही होणार नाही ना?” मी ठरावीक सुरात “नाही रे” म्हटलं नाही, तर पुन्हा पहिल्यापासून. काल मोजलं, ३४ वेळा. वहीतलं अक्षर मनासारखं येईपर्यंत खोडतो, पानाला भोक पडतं. त्याचे बाबा म्हणतात, लाडावलाय. माझं काय चुकतंय?

उत्तर : ताई, तो लाडावलेला नाही आणि हे तुमच्या वळणामुळेही झालेलं नाही. वर्णनावरून मला मंत्रचळाची, म्हणजे ओसीडीची, दाट शंका येते. या आजारात नको असलेला विचार पुन्हापुन्हा येतो आणि तो शमवायला तीच कृती पुन्हापुन्हा करावीशी वाटते. निदान मात्र बालमानसोपचारतज्ज्ञांनी त्याला भेटूनच करायचं.

“आईला काही झालं तर?” हा विचार त्यालाही नकोच असतो. तुमचं “नाही रे” ऐकलं की घटकाभर जीव भांड्यात पडतो. त्या सुटकेची सवय लागते आणि शंका पुन्हा डोकं वर काढते. उत्तर तुम्ही प्रेमापोटी देता, पण पोसला जातो तो आजार.

म्हणून आजपासून एकदम गप्प बसायचं, असं नाही. तो घाबरून जाईल. वर्तनोपचारात भीतीला थोडंथोडं सामोरं जायचं आणि पुन्हापुन्हा विचारणं, खोडणं अशी कृती टाळायची, हे मूल पायरीपायरीने शिकतं. माझ्याकडच्या एका मुलीने आजाराचं नाव ठेवलं होतं ‘भुणभुण्या’. तिची आई म्हणायची, “हा प्रश्न भुणभुण्याचा आहे, त्याला मी उत्तर देणार नाही. तुझ्याजवळ मात्र बसते.” पहिल्या रात्री पोर पाऊण तास रडली. आई हात धरून बसून राहिली. हे फार अवघड असतं, मला ठाऊक आहे.

त्रास जास्त असेल तर डॉक्टर औषध सुचवतील. गुण यायला ८ ते १२ आठवडे लागू शकतात, मध्येच सोडू नका. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ११२ मुलांच्या अभ्यासात वर्तनोपचार आणि सर्ट्रालिन हे औषध दोन्ही मिळालेल्या मुलांची लक्षणं सर्वांत जास्त कमी झाली.

तो मनातल्या मनात काही मोजतो का, नको ते विचार येतात का, हेही हळूच विचारा. लाजेपोटी मुलं सांगत नाहीत. आणि पहिल्या भेटीला बाबांना नक्की न्या. तुम्ही उत्तर थांबवलंत की तो त्यांच्याकडे जाणार, तेव्हा दोघांचं वागणं एकच हवं.