कळलावी: भांडणाची की बाळंतकळांची?

प्रश्न असा: पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी एकमेकांना चिकटतात, त्याला मराठीत काय म्हणावे? आणि ते टाळण्यासाठी कळलावीतल्या द्रव्यावर प्रयोग झाले आहेत, तर या वेलीचे नाव भांडणे लावण्यावरून पडले का?

पहिल्याचे उत्तर: आसंजन. कृपा करून 'पीळ' म्हणू नका; हे सारखे कानावर येते आणि दर वेळी खटकते. पीळ पडतो तेव्हा आतडे स्वतःभोवती फिरते. आसंजनात पोटाच्या आतल्या अस्तराला इजा होते, तिथे फायब्रिनचे (रक्त गोठताना बनणाऱ्या प्रथिनाचे) चिकट जाळे साचते, ते वेळेत विरघळले नाही की त्यात पेशी शिरतात, कोलॅजन हे तंतुमय प्रथिन भरते आणि कायमचे पट्टे तयार होतात. अशा पट्ट्याभोवती पुढे पीळ पडूही शकतो, पण म्हणून कारण आणि परिणामाला एकच नाव देता येत नाही.

आता कळलावी. 'कळीचा नारद' यातली कळ भांडणाची, 'कळ सोसणे' यातली वेदनेची. संस्कृतात वेलीला कलिकारी म्हणतात (कलि म्हणजे भांडण), तेवढे धरून पुष्कळ जण भांडणाची बाजू घेतात आणि घरात हिचे मूळ ठेवले की कलह माजतो ही समजूत पुरावा म्हणून पुढे करतात. मला हे साफ अमान्य आहे. ही समजूतच नावावरून निघालेली असणार. शिवाय भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात हिला कलिहारी म्हटले आहे, म्हणजे कलह हरण करणारी! एकाच वेलीने भांडण लावायचे आणि मिटवायचेही? त्याच श्लोकात पुढे पाहा: विशल्या, अग्निशिखा आणि गर्भनुत्, म्हणजे गर्भ बाहेर ढकलणारी. वार अडकली तर लांगलीच्या, म्हणजे हिच्याच, मुळाचा कल्क, म्हणजे वाटून केलेला लगदा, बाळंतिणीच्या तळहातांना आणि तळपायांना लावावा, असे सुश्रुतसंहिता सांगते. मराठीत बाईला कळा लागतात; त्या कळा जी लावते ती कळलावी. लागणे-लावणे ही जोडी इतकी चपखल बसत असताना कलीला मध्ये आणायचे कशाला?

आणखी एक गैरसमज: कळलावीतल्या त्या द्रव्याचे 'कोल्चिसीन' हे नाव 'कळ'वरून आलेले नाही. ते कोल्चिकम या युरोपीय वनस्पतीवरून आले आणि तिचे नाव काळ्या समुद्राच्या पूर्व काठावरच्या कोल्किसवरून, म्हणजे आजच्या पश्चिम जॉर्जियावरून. विषविद्येत निष्णात असलेली ग्रीक कथांमधली मेडिया तिथलीच. ध्वनिसाम्य हा निव्वळ योगायोग आहे. रसायन मात्र दोन्ही वनस्पतींत खरोखरच एक आहे.

हे द्रव्य पेशीचा सांगाडा घडवणाऱ्या ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटते, त्यामुळे पेशींचे सरकणे, विभागणे आणि कोलॅजन बाहेर टाकणे मंदावते. म्हणून उंदरांवर आसंजनासाठी ते वापरून पाहिले गेले, तसेच हळदीतले कर्क्युमिनही. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला त्यासाठी कोल्चिसीन देण्याचा प्रघात नाही. आणि कळलावीचा कंद घरी उगाळून घेण्याचा विचारही करू नका. तो खाऊन माणसे दगावली आहेत.