मातीविना टोमॅटो: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

हायड्रोपोनिक्सवर, म्हणजे मातीशिवाय नुसत्या खतपाण्यावर पीक घेण्यावर, एवढे प्रश्न साचलेत की या महिन्याचं सदर सगळं त्यालाच दिलंय. बरेचसे सांगली-साताऱ्याचेच आहेत, आणि निम्म्यांचा सूर एकच, 'व्हिडिओत बघितलं, आपण करू का?' नावं कुणाचीच छापत नाही, गाव-तालुका तेवढा दिलाय.

वाळवा तालुक्यातून: नदीकाठची तीन एकर आहे, त्यातलं पाऊण एकर पाणी देऊन देऊन पार क्षारपड झालं, ऊससुद्धा धड येत नाही. पाईपात पाणी फिरवून टोमॅटो घेतात, मातीच लागत नाही म्हणे. तिथंच १० गुंठे पॉलिहाऊस करून हे जमेल का? घरचे म्हणतात पोरगं येडं झालंय.

येडं बिडं काही नाही दादा, जमीन बाद झाली तर मातीला वगळून बघू हा विचार चुकीचा नाही. पण पाईपात टोमॅटो नको. ते पांढरे पाईप, ज्याला एनएफटी म्हणतात, ते लेट्यूस, पालक असल्या महिना-दीड महिन्यात निघणाऱ्या पाल्याला ठीक. टोमॅटो सहा-आठ महिने उभा राहतो, मुळांचा झुपका पाईप भरून टाकतो, पाणी तुंबतं, पुढच्या झाडांना पोचत नाही. आणि पाईपात पाण्याचा नुसता पातळ थर वाहत असतो, एप्रिलच्या दुपारी लाईट गेली आणि पंप बंद पडला की तास-दोन तासात झाडं माना टाकतात. टोमॅटोला कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) ग्रो बॅगा नाहीतर बादल्या घ्या आणि वरून ठिबक द्या, हेही हायड्रोपोनिक्सच, फक्त व्हिडिओत तेवढं भारी दिसत नाही. कोकोपीटमध्ये पाणी धरून राहतं, तेवढाच जीवाला घोर कमी.

आता पाण्याचं बोलू, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. क्षारपड पट्ट्यातल्या बोरचं पाणी बऱ्याचदा जमिनीसारखंच असतं. एक रुपया खर्च करायच्या आधी पाणी लॅबला द्या आणि रिपोर्टात ईसी (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, इथले आकडे mS/cm मध्ये), सोडियम, क्लोराईड, बायकार्बोनेट एवढं बघा. ईसी ०.५ च्या आत असेल तर झकास, १ च्या वर असेल तर खत घालायच्या आधीच पाण्यात नको ते मीठ आहे, वर सोडियम जास्त असेल तर नादच सोडा, कारण सोडियम झाड फारसं घेत नाही, ते टाकीत आणि बॅगेत साठत जातं. आरओ बसवता येतो पण त्याचं टाकाऊ खारं पाणी परत त्याच रानात सोडणार का?

त्यापेक्षा पाऊस धरा. १० गुंठे म्हणजे साधारण १,००० चौरस मीटर छत, त्यावर ६०० मिलीमीटर पाऊस धरला तर हिशेबानं ६ लाख लिटर पाणी होतं, थोडं वाया जाणार. चौरस मीटरला अडीच झाडं धरली तर २,५०० झाडं, भर उन्हाळ्यात मोठं झाड दिवसाला दोन लिटरच्या आसपास पितं, म्हणजे रोजचे ५,००० लिटर. शंभर दिवसांचं पाणी छतावरूनच मिळालं, कागद टाकलेलं शेततळं मात्र पाहिजे. बाकीचे दिवस नदीचं पाणी.

लाईटचं तुम्हाला मी काय सांगू, शेतीपंपाची आठ तासाची पाळी, त्यात आठवडाभर रात्रीची. कोकोपीटला दिवसा थोडं थोडं आठ-दहा वेळा पाणी द्यावं लागतं. उंचावर टाकी बांधून गुरुत्वानं ठिबक चालवा नाहीतर छोटा सोलर पंप टाका.

आणि पैसे. पॉलिहाऊस, बॅगा, ठिबक, टाक्या धरून १० गुंठ्याचं काम दहा लाखाच्या खाली क्वचितच बसतं. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानातून ५० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, अर्ज महाडीबीटीवर, पण मंजुरीचं पत्र हातात आल्याशिवाय खांब रोवू नका. झाडामागं सहा किलो माल धरा, १५ टन होतो. किलोला १५ रुपये मिळाले तर सव्वादोन लाख, ४० मिळाले तर सहा लाख. खतं, मजुरी, लाईट, बँकेचा हप्ता त्यातूनच. बाजारात तुमचा टोमॅटो आणि शेजारच्या तार-बांबूवरचा टोमॅटो एकाच क्रेटमध्ये, एकाच भावाला जातो, अडत्याला मुळं कुठं होती याच्याशी घेणंदेणं नाही. २०२३ च्या जुलैत शंभरीच्या वर गेलेला टोमॅटो दोन महिन्यात लोकांनी रस्त्यावर ओतला, हे विसरू नका. म्हणून माझं सरळ मत, साध्या टोमॅटोसाठी एवढा पैसा घालू नका. चेरी टोमॅटो, रंगीत ढोबळी, बिनबियांची काकडी यातलं काही घ्या आणि तेही पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक आधी बोलून. या काकडीला परागीभवन लागत नाही आणि दीड महिन्यात तोडा चालू होतो, शिकायला ती बरी. घरच्यांना हा हिशेब कागदावर दाखवा, निम्मा विरोध तिथंच कमी होईल.

तासगावहून, द्राक्षबागायतदार: बागेची कॅल्शियम नायट्रेट, १३:०:४५, ०:५२:३४ अशी खतं शेडमध्ये पडून असतात. तीच टोमॅटोच्या ग्रो बॅगांना चालतील का, की हायड्रोपोनिक्सचं तयार पॅकेट आणायचं? ते लय महाग आहे.

चालतील की, त्या पॅकेटात दुसरं काय असतंय. द्राक्षवाल्यांना हे काम निम्मं येतंच. १,००० लिटर पाण्याला सुरुवातीचं माप असं धरा (खताच्या नावातले आकडे म्हणजे नत्र, स्फुरद, पालाशचे टक्के): कॅल्शियम नायट्रेट ८०० ग्रॅम, १३:०:४५ चारशे ग्रॅम, ०:५२:३४ दोनशे ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४५० ग्रॅम, चिलेटेड लोह (ईडीटीए, १२ टक्क्याचं) २० ग्रॅम आणि बोरॉन, जस्त, मँगनीज वगैरे असलेलं मायक्रोन्यूट्रियंट पुडीवरच्या मापानं. ईसी २ च्या जवळपास येईल, तुमच्या पाण्याची स्वतःची ईसी त्यात वेगळी मिळवायची. फळं लागली की ०:०:५० दोनशे ग्रॅम वाढवा. रोपं लहान असताना मात्र हेच द्रावण निम्मं पातळ करून द्या.

शंभरपट घट्ट द्रावण करून ठेवणार असाल तर ड्रम दोन पाहिजेत. एकात कॅल्शियम नायट्रेट आणि लोह, दुसऱ्यात बाकी सगळं. सगळं एकाच ड्रममध्ये ओतलं की कॅल्शियम आणि सल्फेटचं जिप्सम होतं, फॉस्फेटबरोबरही कॅल्शियम असंच खाली बसतं, ड्रमच्या तळाला पांढरा गाळ धरतो, काठीनं कितीही ढवळा विरघळत नाही, आणि तुम्ही विकत घेतलेलं कॅल्शियम तिथंच मेलं. वर ड्रिपर चोंदतात ते वेगळंच. पातळ झाल्यावर एकत्र आलं तर काही होत नाही.

पीएच ५.५ ते ६.५ मध्ये ठेवा. आपल्याकडं बोरच्या पाण्याचा पीएच बहुतेक वरच असतो, तो नायट्रिक किंवा फॉस्फोरिक ॲसिडनं उतरवायचा, हातमोजे-चष्मा घालून आणि ॲसिड पाण्यात ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. फॉस्फोरिक वापरलं तर तेवढं ०:५२:३४ कमी करा.

कराडहून, एक भगिनी: बचतगटातून शेडनेटमध्ये टोमॅटोच्या कोकोपीटच्या २०० बॅगा केल्यात. झाडं हिरवीगार, पण फळाच्या खालच्या बाजूला काळा, दबलेला, कडक डाग पडतो. दुकानदारानं रोग म्हणून बुरशीनाशक दिलं, तीन वेळा मारलं, फरक नाही. खत म्हणून १९:१९:१९ आणि अधूनमधून कॅल्शियम. ईसी ३.२ ठेवतोय.

ताई, बुरशीनाशक बंद करा आधी. डाग देठाच्या उलट बाजूला, फळाच्या बुडाशी आहे ना? मग तो रोग नाही, फळाला कॅल्शियम पोचत नाहीये. कॅल्शियम झाडात पाण्याबरोबरच चढतं, पानं पाणी उडवतात म्हणून पानांकडं जास्त जातं आणि लहान फळाच्या वाट्याला कमी येतं. त्यात बॅग एकदा कोरडी एकदा चिंब असं झालं, किंवा ईसी जास्त असली, की मुळांना पाणी ओढायला जड जातं आणि बुड काळं पडतं. म्हणजे नुसतं कॅल्शियम वाढवून भागत नाही, पाणी सुधारायला लागतं.

दुसरं, १९:१९:१९ सोडा. त्यातलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं आणि बराचसा उरलेला अमोनियाचा. मातीत जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, बॅगेत तेवढी फौज नसते, आणि अमोनिया जास्त झाला की तो कॅल्शियमच्याच आड येतो. वर तासगावकरांना दिलेलं माप बघा, तेच तुम्हाला.

आणि उद्या सकाळी एक करा. एक जादा ड्रिपर रिकाम्या बाटलीत सोडा, एका बॅगेखाली ट्रे ठेवा. संध्याकाळी बाटलीत किती पाणी पडलं आणि त्या बॅगेतून ट्रेमध्ये किती निथळलं ते मोजा (बॅगेला ड्रिपर दोन असतील तर बाटलीचं माप दुप्पट धरा). दिलेल्याच्या १५ ते २५ टक्के निथळलं पाहिजे. काहीच निथळत नसेल तर बॅगेत मीठ साठतंय. ट्रेमधल्या पाण्याची ईसी दिलेल्यापेक्षा एकनं वर गेली असेल तर एक दिवस पातळ द्रावण भरपूर देऊन बॅगा धुऊन काढा. ईसी २.४ वर आणा, पाण्याच्या पाळ्या वाढवा, प्रत्येक पाळी छोटी. काळी पडलेली फळं तोडून टाका, ती सुधरत नाहीत, वरचे नवे घोस बघा.

निथळलेलं पाणी ओढ्यात सोडू नका, त्यात खत आहे. हत्तीगवत नाहीतर केळीला साध्या पाण्यात मिसळून द्या.

खटावहून: शेडनेटमध्ये टोमॅटोला फुलं भरपूर लागतात पण गळतात. मधमाशी आत येत नाही म्हणून का?

मधमाशीवाचून टोमॅटोचं अडत नाही, फूल स्वतःचं स्वतः फळतं, पण हलायला पाहिजे, आणि बाहेर जे वारा करतो ते नेटमध्ये कुणीतरी करायला लागतं. सकाळी दहा ते दुपारी एकच्या दरम्यान, दव वाळल्यावर, झाडं बांधलेल्या तारेवर काठीनं हलकं टकटक करत ओळीतून चालत जा, दिवसाआड. पावसाळी दमट हवेत पराग चिकटतो, तेव्हा रोज. आणि दिवसाचं तापमान ३५ च्या वर, रात्रीचं २४-२५ च्या वर राहायला लागलं की तारा कितीही वाजवा, फळ धरत नाही. खटाव-माणच्या एप्रिल-मेमध्ये फुलोरा येईल अशी लागणच करू नका.

फलटणहून: एक कंपनी पूर्ण सेटअप बसवून देते आणि माल बाजारभावापेक्षा जास्त दरानं परत घ्यायचा करार करते. निम्मे पैसे आगाऊ मागतात. दहापट उत्पादन म्हणतात. काय करावं?

आगाऊ देऊ नका. करारात माल नाकारायची कारणं कोणती लिहिलीत ते वाचा, 'गुणवत्तेनुसार' एवढंच असेल तर दर कितीही लिहिला तरी काही उपयोग नाही. त्यांनी दोन वर्षांपूर्वी बसवलेले सेटअप दाखवा म्हणा आणि त्या शेतकऱ्यांशी कंपनीचा माणूस सोबत नसताना बोला.

दहापटीची गोष्ट नव्वद वर्षं जुनी आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गेरिक यांनी १९३० च्या आसपास शिडी लावून तोडायला लागतील एवढे उंच टोमॅटो पाण्यात वाढवले आणि पेपरवाल्यांनी तेव्हाही असंच डोक्यावर घेतलं. मग त्याच विद्यापीठातल्या होगलंड आणि अर्नॉन यांनी १९३८ मध्ये तपासून लिहिलं की चांगल्या जमिनीपेक्षा नुसत्या पाण्यातल्या शेतीत असं काही खास जास्त पिकत नाही. संरक्षित शेतीत उत्पादन वाढतं ते छत, जास्त दिवस चालणारं झाड आणि मोजून दिलेलं खत-पाणी यामुळं, आणि ते दहापट नसतं. उघड्यावरच्या एका हंगामाशी पॉलिहाऊसच्या अख्ख्या वर्षाची तुलना केली की आकडा फुगतो, एवढंच.

सातारा शहरातून, निवृत्त शिक्षक: गच्चीवर हौस म्हणून करायचंय. मेथी-कोथिंबिरीपासून सुरू करू का? आणि खतांऐवजी जीवामृत चालेल का?

सर, जीवामृत पाईपात-टाकीत नको, ते कुजतं, वास मारतो, ड्रिपर बंद पडतात. जीवामृताचं काम मातीत. मेथी-कोथिंबीर कुंडीतच लावा, दहा रुपयाच्या जुडीसाठी पंप चालवायचं काही कारण नाही. पालक आणि लेट्यूस घ्या, खोक्यात द्रावण, वर थर्माकोलला भोकं पाडून रोपं, खाली मत्स्यटाकीचा हवेचा पंप. पालकाला ईसी १.८, लेट्यूसला १.२. दिवाळीनंतर सुरू करा, साताऱ्याच्या थंडीत पाणी २०-२२ अंशावर राहतं. पाणी ३० च्या वर गेलं की त्यात हवा कमी विरघळते, मुळं तपकिरी, बुळबुळीत होतात, आणि मग ते खोकं रिकामं करण्यावाचून इलाज नाही. खोकं पांढरं आणि झाकलेलं ठेवा, उजेड पडला की शेवाळ धरतं.

दोघा-तिघांनी विचारलंय, शिकायचं कुठं? तळेगाव दाभाडेला पॉलिहाऊसचं प्रशिक्षण मिळतं, बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातही भाजीपाल्याचं काम बघायला मिळतं. जायच्या आधी फोन करा. ईसी-पीएच मीटर तेवढा आताच घ्या, कॅलिब्रेशनच्या (मीटर जुळवायच्या) द्रावणासकट, ते द्रावण नसेल तर मीटर महिन्याभरात काहीही आकडे दाखवायला लागतो.