‘आई, मी गरम नाहीये’

वाचकांचे प्रश्न

ताई,
माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. चार महिन्यांपूर्वी त्याला ब्लड कॅन्सर असल्याचं कळलं, एएलएल म्हणतात त्या प्रकारचा. पहिल्या महिन्याची केमो संपली तेव्हा डॉक्टरांनी रेमिशन आल्याचं, म्हणजे तपासणीत आजार दिसेनासा झाल्याचं सांगितलं. घरातले सगळे त्या दिवशी आधी रडले, मग हसले. माझ्या मात्र तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. रात्री सात-आठ वेळा उठून त्याचा ताप बघते. थर्मामीटर उशाखालीच असतो. ९८.२ दिसलं की पाच मिनिटं बरं वाटतं, मग वाटतं, नीट लागला होता ना? परत लावते. हॉस्पिटलच्या पायऱ्या चढताना छाती धडधडते, रिपोर्ट आल्याचा मेसेज वाजला की हातपाय गार पडतात. मोठी मुलगी अकरा वर्षांची आहे, तिच्यावर विनाकारण ओरडते. सुरुवातीला पाय दुखतात म्हणून तो रडायचा, तेव्हा वाढीच्या वयात दुखतातच असं म्हणून मी तीन आठवडे घालवले, ते डोक्यातून जात नाही. परवा रात्री मी हात पुढे करायच्या आतच तो म्हणाला, “आई, मी गरम नाहीये,” आणि चादर डोक्यावरून ओढून घेतली. सगळे म्हणतात काळजी करू नकोस. पण मी काळजी सोडली आणि नेमकं त्याच रात्री काही झालं तर?
– एक आई

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा शेवटच्या वाक्यापाशी थांबले. एके काळी ते वाक्य माझं होतं. माझी मुलगी चार वर्षांची असताना तिच्या मूत्रपिंडात गाठ निघाली, विल्म्स ट्यूमर. ऑपरेशन झालं, मग कित्येक महिने केमो. तिचे काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, मी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहायची. रात्री दार उघडून ते आकडे बोट फिरवून वाचायची. मी जागी आहे म्हणून ती श्वास घेतेय, अशी माझी त्या वेळी पक्की समजूत होती. ती बरी झाली. पुढे मी समुपदेशन शिकले आणि आता मुलांच्या कॅन्सर वॉर्डात आईवडिलांशी बोलणं हेच माझं काम आहे. तेव्हा ‘काळजी करू नका’ हे वाक्य माझ्याकडून तुम्हाला ऐकावं लागणार नाही.

तापाला तुम्ही घाबरता हे बरोबरच आहे. केमोनंतर साधारण आठवडा-दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. त्यांतल्या जंतूंशी लढणाऱ्या पेशींचा, न्यूट्रोफिलचा, आकडा ५०० च्या खाली गेला की साधासा जंतूही अंगात झपाट्याने पसरू शकतो, आणि पुष्कळदा ताप हीच त्याची पहिली खूण असते. म्हणून १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, किंवा तुमच्या डॉक्टरांनी जो आकडा सांगितला असेल तो, दिसला की वेळ न पाहता निघायचं. सकाळपर्यंत थांबायचं नाही. विचारल्याशिवाय पॅरासिटॅमॉल द्यायचं नाही, कारण त्याने ताप झाकला जातो आणि आजार आत वाढत राहतो. ही तुमची खरी राखण आहे आणि ती तुम्ही चोख करताय.

पण रात्रीचा आठवा आकडा वेगळ्या कामाचा आहे, आणि ते तुमच्या पत्रात तुम्हीच लिहिलंय. पाच मिनिटं बरं वाटतं, मग शंका येते. थर्मामीटर भीतीला पाच मिनिटं गप्प करतो आणि भीती शिकते की ओरडलं की थर्मामीटर मिळतो. पुढच्या वेळी ती लवकर ओरडते. तुम्ही दुबळ्या आहात म्हणून हे होत नाही. इतका मोठा धक्का बसलेल्या कुठल्याही मनाचं असंच होतं.

यातून बाहेर यायला मी एकच गोष्ट सुचवते. पुढच्या भेटीत डॉक्टरांना किंवा सिस्टरना सरळ विचारा, ‘ताप कधी कधी बघायचा?’ त्या जे सांगतील ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. समजा त्या म्हणाल्या, झोपायच्या आधी, उठल्यावर, आणि मूल मलूल वाटलं, थंडी वाजून थरथरलं किंवा अंगाला चटका लागला तर केव्हाही. काउंट खूप खाली असतील त्या दिवसांत त्या जास्त वेळा बघायला सांगतील, तर तसं. तेवढ्या वेळा बघा, आकडा लिहा, वेळ लिहा, वही मिटा. आणि थर्मामीटर उशाखालून काढून दुसऱ्या खोलीच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. उठून तिथपर्यंत जाताना, काही कारण दिसतंय की नुसती भीती उठवतेय, एवढं विचारायला आठ-दहा पावलं मिळतात. नवऱ्याशी रात्री वाटून घ्या. त्याच्या रात्री वही त्याची, ताप बघणंही त्याचं. पहिल्या तीन-चार रात्री जीव वर-खाली होईल. तसाच होऊ द्या. धडधड चढते, कळसाला जाते आणि तुम्ही काही न करताही उतरते. ती आपोआप उतरल्याचा अनुभव एकदा अंगाने घेतला पाहिजे. माझ्या सांगण्याने ते कळणार नाही.

त्या तीन आठवड्यांबद्दल. एएलएलमध्ये पाय दुखतात ते हाडांच्या आत मज्जेत रोगट पेशी दाटल्यामुळे, आणि बाहेरून ते हुबेहूब वाढीच्या वयातल्या दुखण्यासारखं दिसतं. पहिल्या भेटीत डॉक्टरांनाही ते पुष्कळदा तसंच वाटतं. पुढे कसं जाईल याचा अंदाज डॉक्टर मुलाचं वय, निदानाच्या वेळच्या पांढऱ्या पेशी, त्या पेशींमधले जनुकीय बदल आणि पहिल्या महिन्यात आजार किती साफ झाला यावरून बांधतात. आईने किती दिवस वाट पाहिली, असा रकाना त्या कागदात नसतो. आणि हा आजार तुमच्या हातून झालेला नाही, तुमच्या खाऊ घालण्यातून नाही, रागावण्यातून नाही. हे वाक्य मी वॉर्डात रोज कुणाला तरी सांगते आणि रोज कुणी तरी ते ऐकून हमसून रडतं.

आता चादरीखालच्या त्या पोराकडे येते, कारण पत्रातलं सगळ्यात जास्त मला तेच लागलं. सहा वर्षांच्या मुलाला वाटतं की आजार म्हणजे आपलं काही तरी चुकलं. आई रात्री घाबऱ्या चेहऱ्याने येते म्हणजे आपण गरम होता कामा नये, असा अर्थ त्याने लावलाय. याचा दुसरा धोका असा की एखाद्या दिवशी खरंच बरं वाटेनासं होईल आणि तुम्ही घाबरू नये म्हणून तो सांगणार नाही. उद्याच, दिवसाउजेडी, त्याला सांगा: “रात्री आईला भीती वाटते म्हणून आई हात लावते. तू काही केलेलं नाहीस. तू गरम झालास तरी आई रागावणार नाही, आपण डॉक्टरांकडे जाऊ, त्यांच्याकडे औषध आहे.” मग वहीत आकडा लिहायचं काम त्याला द्या. वाचता येत असेल तर थर्मामीटरवरचा आकडाही त्यालाच वाचू द्या. स्टिरॉइडच्या दिवसांत तो चिडेल, वही फेकेल, ते औषधाचं आहे.

मुलीला जवळ घेऊन एकदा म्हणा, “मी तुझ्यावर ओरडले ते तुझ्यामुळे नव्हतं.” अकरा वर्षांच्या मुलीला अर्धंमुर्धं कळतं आणि उरलेलं ती मनाने भरते, बहुतेक वेळा खऱ्याहून भयंकर. तिला आजाराचं नाव सांगा, तो तिला लागणार नाही हेही सांगा.

आणि तुमच्यासाठी मदत मागा. माझी मुलगी आजारी होती तेव्हा तिचं वजन दर भेटीला झालं, पण तुम्ही झोपता का, हे मला एकदाही कुणी विचारलं नाही. आता या शास्त्रात ते उपचारांचाच भाग मानतात. कॅन्सर झालेली मुलं आणि त्यांची कुटुंबं यांच्या मानसिक आधारासाठी २०१५ साली जी १५ मानकं प्रसिद्ध झाली, त्यांत आईवडिलांच्या मनःस्थितीची सुरुवातीपासून आणि वेळोवेळी विचारपूस व्हावी असं स्पष्ट म्हटलंय. तेव्हा कुणी विचारलं नाही तर तुम्ही म्हणा, ‘मला रात्री झोप लागत नाही, मला कुणाशी तरी बोलायचंय.’ तीन महिने न झोपता काढलेत, आता थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञांनी काही दिवस गोळी दिली तर ती घेण्यात कमीपणा नाही. आणि जगणं नको असा विचार मनात आला, तर त्याच दिवशी, त्याच तासाला जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगा.

---

माझ्या मुलीचे कॅन्सरचे उपचार संपून तीन महिने झाले. रिपोर्ट चांगले आहेत. दोन वर्षं मी एकदाही खचलो नाही, सगळी धावपळ केली. आता मात्र तपासणीच्या आदल्या रात्री मला घाम फुटतो, छातीत धडधडतं, गाडी चालवताना हात थरथरतात. सगळे आनंदात आहेत आणि मी असा. कुणाला सांगायची लाज वाटते.
– एक बाबा

लाज नको. आधी एकदा तुमची स्वतःची तपासणी करून घ्या, छातीतली धडधड नुसती मनावर ढकलू नये. ती नीट आली तर मग माझं ऐका.

दोन वर्षं तुमच्याकडे काम होतं. तारखा, औषधं, रक्ताची सोय, बिलं. रोज काही तरी हातात होतं आणि ते आजाराच्या विरुद्ध होतं. औषध थांबलं आणि हात रिकामे झाले. जे घाबरणं तुम्ही दोन वर्षं पुढे ढकललंत ते आता आलंय. माझ्या मुलीची केमो संपल्यावर सहा आठवड्यांनी एका सकाळी तिच्या मोज्यांच्या जोड्या लावताना मला उभं राहता येईना. मोजे मांडीवर घेऊन जमिनीवर बसून राहिले. तोवर मीही खचले नव्हते. अशा धक्क्याची लक्षणं मुलांपेक्षा आईवडिलांमध्ये जास्त आढळतात, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय.

डॉक्टरांना स्पष्ट विचारा, कोणती लक्षणं दिसली तर फोन करायचा? बाकीची सर्दी-खोकला-खरचटणं कशात मोजायचं? उत्तर लिहून घ्या. आजार उलटण्याचा धोका पहिल्या काही वर्षांत जास्त असतो आणि वर्षं जातील तसा उतरत जातो, तुमच्या मुलीच्या बाबतीत तो किती आहे हेही त्यांनाच विचारा. इंटरनेटवर मध्यरात्री शोधू नका, तिथे तुमची मुलगी नाही. तपासणीच्या दिवशी गाडी दुसऱ्याला चालवू द्या. आणि बायकोला आजच सांगा. ती आनंदात आहे हे तुम्ही बाहेरून बघताय. तुम्हीही बाहेरून अगदी ठीक दिसत होता.

---

माझ्या बहिणीच्या मुलावर कॅन्सरचे उपचार चालू आहेत. तिच्याशी काय बोलावं सुचत नाही. फोन केला की मी ‘धीर धर’ म्हणते आणि ठेवते.
– एक मावशी

धीर ती धरूनच आहे. ‘काही लागलं तर सांग’ असंही म्हणू नका, काय लागतंय हे शोधून सांगण्याइतकी ताकद तिच्यात उरलेली नसते. म्हणा, ‘गुरुवारी दुपारी चार ते सात मी मुलाजवळ बसते, तू झोप.’ सर्दी-ताप नसेल तर हात साबणाने धुऊन गुरुवारी चारला जा. ती झोपली नाही आणि नुसती बोलत बसली, तर ऐका.