कोरियन दिग्दर्शिकांचे पहिले सिनेमे: सुरुवात कुठून कराल?

पहिला पहा यून गा-उन यांचा 'द वर्ल्ड ऑफ अस' (२०१६). तासा-दीड तासाचाच आहे. सुरुवातीला खेळासाठी गडी निवडले जातात, तेव्हा कॅमेरा फक्त एका मुलीच्या चेहऱ्यावर थांबतो. आवाज ऐका, चेहरा वाचा. पुढचा सगळा सिनेमा तिथेच उलगडायला लागतो.

मग किम बोरा यांचा 'हाऊस ऑफ हमिंगबर्ड' (२०१८). हा १३८ मिनिटांचा, संथ. तुकड्यांत पाहिलात तर घरातला दबाव साचतच नाही, म्हणून एका बैठकीत पहा. काळ १९९४चा, सोलचा. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला तिथला सोंगसू पूल कोसळला आणि ३२ माणसं गेली, एवढं आधी माहीत असू द्या.

जोंग जे-उन यांच्या 'टेक केअर ऑफ माय कॅट'मध्ये (२००१, इंचॉन शहरात घडणारा) मोबाइलचे मेसेज पडद्यावरच उमटतात. त्यांची सबटायटल्स नसलेली प्रत घेऊ नका, निम्मी मैत्री त्यातच आहे.

पार्क नाम-ओक यांचा 'द विडो' (१९५५) शेवटी ठेवा. तान्ह्या लेकीला पाठीशी बांधून त्यांनी तो केला. त्याच्या शेवटच्या रिळाचा आवाज हरवलाय, अखेरचा भागही उरलेला नाही. फाइल बिघडली असं समजून बंद करू नका. आणि शोधताना लक्षात ठेवा, कोरियन नावात आडनाव आधी येतं.