सौदीला चाललेला पोरगा 'स्थलांतरित' की 'उत्प्रवासी'?

प्रश्न असाय की भाचा सौदीला ड्रायव्हर म्हणून चाललाय, कागदावर 'उत्प्रवासी' लिहिलंय, त्याच्याऐवजी सरळ 'स्थलांतरित' चालंल का?

बोलताना चालंल, कागदावर नाही. स्थलांतरित म्हणजे जागा बदललेला कुणीबी, बीडहून कारखान्याला ऊस तोडायला गेलेला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्यात आला अन् पुण्यात रूम करून एमपीएससी करणारा पोरगाबी आला. उत्प्रवासी देशाच्या हद्दीबाहेर जाणारा, आणि १९८३ च्या उत्प्रवास कायद्यात तर अर्थ अजून बारीक केलाय, परदेशात नोकरी धरायला जातो तोच. हजला गेलेला त्यात नाही. आप्रवासी म्हणजे बाहेरून आत येणारा, म्हणजे माणूस एकच पण इथून उत्प्रवासी अन् तिकडच्यांच्या लेखी आप्रवासी. ह्या 'उत्' आणि 'आ' मधी लई अंतर आहे बरं का, कारण १९४८ च्या मानवी हक्क जाहीरनाम्यात कलम १३ नं आपला देश सोडायचा अन् परत यायचा हक्क दिलाय, पण दुसऱ्या देशात घुसायचा हक्क कुठंच दिलेला नाही.

ऊसतोडीचं त्याहून अवघड. १९७९ च्या कायद्यातला शब्द 'आंतरराज्य स्थलांतरित', म्हणून मुकादमानं टोळी कर्नाटकात नेली तर ती व्याख्येत बसायची, अन् तीच टोळी तेवढीच उचल घेऊन सांगली-कोल्हापूरला गेली तर नाही. २०२० च्या कामगार संहितेतबी 'आंतरराज्य' तसंच ठेवलंय, मला तरी हे पटत नाही.

निर्वासित मात्र इथं कुणालाच लावू नका, तो जिवाच्या भीतीनं देश सोडलेला, १९५१ चा करार त्याच्यासाठीय आणि भारतानं त्यावर सही केलेली नाही. आपल्याकडं रझाकारांच्या काळात गाव सोडून पळालेल्यांना 'परागंदा' म्हणायचे, शब्द फारसी, मूळ अर्थ विखुरलेला. पोटासाठी गेलेल्याला जुनी माणसं 'जगायला गेला' म्हणतात, तो मला सगळ्यात आवडतो पण फॉर्मवर कोण लिहू देणार.

तर उत्प्रवासीच राहू द्या. भाचा दहावी पास नसंल तर पासपोर्ट ईसीआरचा, म्हणजे जाण्याआधी सरकारी तपासणी लागणारा निघतो, मग सौदीला नोकरीसाठी उत्प्रवासी संरक्षक म्हणून जो सरकारी अधिकारी असतो त्याची मंजुरी लागती. एजंट सरकारकडं रजिस्टर आहे का बघा, त्याला तीस हजार अन् वर जीएसटी याच्यापुढं फी घेता येत नाही. आणि तो 'व्हिजिट व्हिसावर जा, तिकडं बघू' म्हणत असंल तर पासपोर्ट त्याच्या हातात देऊच नका.