गोड मिरचीची फुलगळ: खत नको, सावली द्या

"झाड कमरेएवढं झालंय, पानं गर्द हिरवी, पण फुलांचे देठ पिवळे पडून फुलं कुंडीत गळतात. आता कोणतं खत घालू?" हे तुमचं वाचलं आणि सहा वर्षांपूर्वीची माझी गच्ची डोळ्यांपुढे आली. पुणं, एप्रिल, बोटभर लांबीच्या लाल-पिवळ्या गोड मिरचीच्या आठ कुंड्या, आणि रोज सकाळी केरसुणीने फुलं गोळा करणारी मी.

कुंडी, माती, निचरा यांवर लिहीत नाही. झाड एवढं वाढलंय म्हणजे ते जमलंय. खत मात्र आजच थांबवा.

मी तेव्हा फांदी पिशवीत घालून एका सल्ला केंद्रात गेले होते. दीड तास बाकावर. साहेबांनी पिशवीची गाठसुद्धा सोडली नाही. "वाढ कमी आहे, युरिया द्या," की पुढचा नंबर! अहो, झाड माझ्या छातीला लागत होतं. तरी घातला, टेबलापलीकडच्याला कळत असणार म्हणून. युरियात 46 टक्के नत्र, म्हणजे पानं वाढवणारं नायट्रोजन. पानं अळूशी स्पर्धा करायला लागली, कोवळ्या शेंड्यांवर मावा ही रस शोषणारी कीड आली आणि अख्ख्या उन्हाळ्यात मिरच्या मिळाल्या तीन. बी कधी लावलं, एवढं एकच कोणी विचारलं असतं तर!

लावलं होतं फेब्रुवारीत. तापमान दिवसा साधारण 32 आणि रात्री 24 अंशांच्या वर गेलं की ढोबळी काय, ही काय, फूल धरत नाही. गच्चीचा स्लॅब तर रात्री दहालाही तळव्यांना चटका देतो. आता मी ऑगस्टमध्ये बी टाकते, म्हणजे फुलं दिवाळीच्या आसपास येतात. तुमच्या झाडांना सध्या 50 टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधा, पाणी सकाळी द्या आणि तग धरू द्या. पावसाळ्यात हलकी छाटली तर पुन्हा फुलतील. हा माझ्या गच्चीचा अनुभव. कोकणात किंवा महाबळेश्वरला गणित वेगळं.

एक फूल पांढऱ्या कागदावर झटकूनही बघा. पिवळसर बारीक काड्या पळताना दिसल्या तर फुलकिडे आहेत, मग निळे चिकट सापळे लावा.

आणि शेजारी तिखट मिरची असली तरी फळ तिखट होत नाही. त्या फळाचं बी पुढच्या वर्षी लावलंत तर मात्र काय निघेल ते सांगता येत नाही. हिरव्या तोडू नका, पूर्ण आकार आल्यावरही रंग चढायला तीन-चार आठवडे जातात. आमच्या सासूबाई "बघू, गोड झाली का" म्हणत रोज एक खुडायच्या, आणि रोज कडवटच लागायची.