वाय-फायवरून सिमवर जाताना हजारो उपकरणांचं कनेक्शन तुटू नये म्हणून मोबाईल आयपी वापरावं का?

नका वापरू, भाऊ. प्रश्न वाचला आणि 2017 चा पावसाळा आठवला, म्हणून लिहायला बसलो.

नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका गोदामात आमचे हातातले स्कॅनर होते. आत गोदामाचं वाय-फाय, बाहेर ट्रकजवळ गेलं की सिम. नेटवर्क बदलायचं ते नेमकं फाटकाच्या शेडखाली. स्कॅनरला पॉलिथिन गुंडाळलेलं. एक हमालमामा पेटीवर स्कॅनर धरायचे, पडद्यावर चक्र फिरत राहायचं, मामा पुन्हा धरायचे, मग तिसऱ्यांदा. सर्व्हरवर एकाच पेटीच्या तीन नोंदी. संध्याकाळी हिशोब जुळला नाही की बोलणी मामांना. मला ते पाहवायचं नाही. टीसीपी, म्हणजे इंटरनेटवर डेटा पोचवण्याची नेहमीची पद्धत, जोडणी ओळखते ती दोन्हीकडच्या आयपी पत्त्यांवरून आणि पोर्ट क्रमांकांवरून. नेटवर्क बदललं की पत्ता बदलतो, आणि एक पत्ता बदलला की जोडणी गेली. यात मामांची काय चूक?

आमचे साहेब म्हणाले, आयपी पत्ता बदलूच द्यायचा नाही. म्हणजे 1996 च्या मोबाईल आयपीचीच कल्पना: उपकरण कुठेही जावो, टपाल मूळ पत्त्यावरच्या होम एजंट नावाच्या मशीनकडे येणार आणि तिथून बोगद्यातून, म्हणजे एका पॅकेटात दुसरं पॅकेट घालून, पुढे. आमचा हा एजंट बसवला मुंबईत. स्कॅनर बुटीबोरीत, सर्व्हर नागपूरजवळच्याच हिंगण्यात, आणि प्रत्येक नोंद मुंबईला जाऊन परत! चाळीस स्कॅनरपर्यंत चाललं. चारशे झाले तेव्हा एका दुपारी मुंबईचं मशीन बसलं आणि सगळी गोदामं ठप्प. सगळ्यांची वाट एकाच दारातून काढू नका, हे मी पहिल्या बैठकीतच बोललो होतो.

माझं म्हणणं होतं, पत्ता बदलू द्या, ओळख वेगळी ठेवा. प्रत्येक स्कॅनरला सेशन क्रमांक, प्रत्येक नोंदीला अनुक्रमांक. नव्या पत्त्यावरून तोच सेशन क्रमांक आला आणि त्या स्कॅनरची गुप्त किल्ली जुळली की काम पुढे सुरू. तीच नोंद दुसऱ्यांदा आली तर टाकून द्यायची. तीन रात्री बसून यूडीपीवर (जोडणी न बांधता सुटी पॅकेटं पाठवायची पद्धत) लिहिलं, दोन स्कॅनरवर चालवून दाखवलं. मामा शेडखालून बाहेर आले, बीप वाजली, चक्र दिसलंच नाही. साहेबांनी विचारलं, "हे कोणत्या मानकात आहे?"

मे 2021 मध्ये क्विकचं (QUIC, यूडीपीवर चालणारी जोडणीची नवी पद्धत) मानक आलं, आरएफसी 9000 या दस्तऐवजात. त्यात कनेक्शन आयडी आहे, पत्ता बदलला तरी जोडणी टिकते. तत्त्व तेच. नववा भाग याच विषयावर आहे, साहेबांनी जरूर वाचावा.

तुम्हीही क्विकच घ्या. मात्र लोड बॅलन्सरला, म्हणजे अनेक सर्व्हरमध्ये काम वाटणाऱ्या मशीनला, कनेक्शन आयडी वाचता आला पाहिजे, नाहीतर पत्ता बदलताच पॅकेट भलत्याच सर्व्हरकडे जाईल. क्विकमध्ये जागा बदलण्याची मुभा क्लायंटलाच आहे; दोन्ही टोकं फिरती असतील तर हे पुरणार नाही. काही ऑफिसांचे फायरवॉल यूडीपी अडवतात, तेही आधी तपासा. एका टॉवरवरून दुसऱ्यावर जाण्याची काळजी मोबाईल कंपनीचं नेटवर्क घेतं, त्यात तुम्ही पडू नका.

ॲपचा कोड तुमच्या हातात नसेल तर बोगद्याला इलाज नाही. तेव्हा वायरगार्ड हे व्हीपीएन (बोगदा बांधणारं सॉफ्टवेअर) लावा, पत्ता बदललेला त्याला आपोआप कळतो. पण त्याचं दारही ज्या त्या शहरात ठेवा, नागपूरच्या गोदामांचं नागपुरातच.